‘अतिशय समाधानी’

अधिवेशन आटोपते, पाहुणे स्थानकाकडे निघून जातात, मांडव उतरतो आणि यजमान महाविद्यालयाच्या कार्यालयात अभिप्रायपत्रांचा एक गठ्ठा मागे उरतो. गेल्या वर्षी असा एक गठ्ठा आमच्या वाट्याला आला. एका विषयशिक्षक परिषदेचे दोन दिवसांचे वार्षिक अधिवेशन पार पडले होते. (परिषदेचे नाव सांगण्याचे कारण नाही, आम्ही तिचे जुने सभासद आहोत आणि पुढेही राहू इच्छितो.) उपस्थितांच्या अभिप्रायांचा एकपानी गोषवारा करून तो वार्षिक अहवालासाठी द्यावा, असे कार्यकारिणीने आम्हांस सांगितले. ‘आठवड्याभराचे काम आहे’ असेही सांगितले. काम प्रत्यक्षात एका संध्याकाळचे निघाले, आणि त्याची बोच मात्र अजून गेलेली नाही. प्रस्तुत टिपण त्या बोचेतून लिहिले आहे.

आम्ही चऱ्होलीत राहतो. पुण्याहून आळंदीला जाताना चऱ्होली फाट्यावर उतरले की इंद्रायणीच्या अंगाने हे गाव लागते. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. तेव्हाची बरीचशी शेते आता इमारतींखाली आहेत. वाघेश्वराचे देऊळ जागच्या जागी आहे. लोहगावची हवाईपट्टी जवळ असल्याने दिवसातून अनेकदा डोक्यावरून लढाऊ विमान जाते. तेवढा वेळ बोलणारा थांबतो, ऐकणाराही थांबतो, आणि आवाज विरला की बोलणारा आपले वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. परिषदांच्या सत्राध्यक्षांनी ही चऱ्होलीची रीत उचलावी, असे आम्हांस अनेकदा वाटले आहे. असो.

गठ्ठा सोडला. प्रत्येक पत्रावर बारा प्रश्न होते. निवास, भोजन, सभागृह, ध्वनिव्यवस्था, नोंदणीकक्ष, स्वयंसेवकांची वागणूक, दिलेले साहित्य, असे सात प्रश्न व्यवस्थेविषयी. उरलेल्या पाचांत उद्घाटन, बीजभाषण, ‘सत्रांचा दर्जा’, वेळेचे नियोजन आणि एकूण अनुभव. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी, ‘अतिशय समाधानी’पासून ‘अतिशय असमाधानी’पर्यंत. तळाशी ‘इतर सूचना’ म्हणून दीड ओळ. बहुतेकांनी बारा खुणा करण्याचा त्रासही घेतला नव्हता. पहिल्या स्तंभातून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली होती. आमच्या ओळखीचे जे पुणेकर स्नेही दोन्ही रात्री स्वतःच्या घरी झोपले होते, तेही निवासव्यवस्थेविषयी अतिशय समाधानी होते.

यात कोणाचा लबाडपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. पत्र भरून देणाऱ्यालाच प्रमाणपत्र मिळेल, अशी सूचना समारोपाआधी ध्वनिक्षेपकावरून तीनदा झाली होती. पत्रावर नाव, महाविद्यालय आणि दूरध्वनी क्रमांक लिहिणे आवश्यक होते. एका हाताने पत्र द्यायचे, दुसऱ्या हाताने प्रमाणपत्र घ्यायचे, बाहेर रिक्षा थांबलेली, गाडी सुटायला पाऊण तास. अशा घाईत ‘सत्रांचा दर्जा’ या शब्दांपाशी थांबून विचार करणारा माणूस विरळा. आणि ज्याने प्रमाणपत्रावर सही केली त्याच्याच हाती ‘असमाधानी’ लिहिलेला कागद ठेवणारा त्याहून विरळा.

प्रमाणपत्राला हे वजन आले त्यालाही इतिहास आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमावलीने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुण मोजायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर १० गुण, राष्ट्रीय परिषदेत ७.५, राज्यस्तरावर ५, स्थानिक पातळीवर ३. पाहता पाहता जिल्ह्याजिल्ह्यांतली चर्चासत्रे ‘राष्ट्रीय’ झाली आणि परदेशात स्थायिक झालेला एखादा आप्त बोलावून काही ‘आंतरराष्ट्रीय’ही झाली. २०१८च्या नियमावलीने हे गुण कमी केले, तरी तोपर्यंत लागलेली सवय राहिली. दुसरीकडे ‘नॅक’ची मूल्यांकन पद्धती. १९९४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने महाविद्यालयांना अभिप्राय गोळा करण्याची शिस्त लावली, हे मान्यच केले पाहिजे; परंतु आमच्याकडे अभिप्राय गोळा करणे आणि अभिप्राय ऐकणे या दोन क्रिया लवकरच वेगळ्या झाल्या. पत्रे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या कपाटात जातात. तेथे त्यांची फाइल होते, फाइलला क्रमांक पडतो, आणि तपासणी समितीला तो क्रमांक दाखवता येतो.

या व्यवहाराचे सर्वांत बोलके चिन्ह म्हणजे निबंधांचे पुस्तक. पूर्वी अधिवेशनाचे वृत्त मागाहून छापले जाई. १९१९ सालच्या नोव्हेंबरात पुण्याला भांडारकर संस्थेत पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिचे वृत्तान्त परिषद झाल्यावर ग्रंथरूपाने निघाले. आता आयएसबीएन क्रमांकासह पुस्तक पहिल्या दिवशी सकाळी पिशवीतच मिळते. निबंध वाचण्याआधीच छापून झालेला असतो. मग त्यावर कोणी आक्षेप घेतला, कोणी दुरुस्ती सुचवली, तर ती जाणार कोठे? आक्षेप आला नाही तरी अडत नाही, आणि आला तर जागा नाही. हे ज्या दिवशी सर्वांच्या ध्यानात आले, त्या दिवसापासून चर्चेचा वेळ जेवणाच्या वेळेत विलीन होऊ लागला, असा आमचा तर्क आहे.

पाच चौकटींची ही पट्टी आली कोठून, ते पाहू गेलो तर एक गंमत हाती लागली. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली ती मांडली. त्याला मोजायची होती ती माणसांची आंतरराष्ट्रीय संबंधांविषयीची, साम्राज्यवादाविषयीची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांविषयीची मते. म्हणजे ज्या प्रश्नांवर घराघरांत भांडणे होत होती, असे प्रश्न. माणसे कोठे आणि किती तीव्रतेने असहमत आहेत, ते दाखवण्यासाठी केलेले हे साधन आम्ही बटाट्याच्या भाजीसाठी वापरतो. बारा प्रश्नांत असा एकही प्रश्न नव्हता, ज्याच्या उत्तरावरून दोन प्राध्यापकांत वाद व्हावा. (भाजीवरून झाला असता, हे खरे.)

मराठीत अशा सभांविषयीचा सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय कोणता, असा प्रश्न साहित्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावा. तो १८८५ सालचा आहे, आणि तो सभेला न गेलेल्या माणसाने लिहिलेला आहे. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. दुसरी सभा १८८५ साली पुण्यातच भरली, तेव्हा रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण पाठवले. जोतीरावांनी पत्राने नकार कळवला आणि ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. त्याचा आशय सर्वांना ठाऊक आहे: जे लोक मानवी हक्कांचा मनापासून विचार करीत नाहीत आणि ते हक्क इतरांना आपखुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांनी केलेल्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, शूद्रातिशूद्रांनी काय सोसले हे ज्यांना उमगलेले नाही, त्यांच्या लिखाणात ते उतरणार कसे.

हे पत्र आम्ही वर्गात शिकवतो. ते शिकवताना निर्भीडपणा, बाणेदारपणा, परखड भाषा अशी विशेषणे वापरून पुढे जातो. त्या संध्याकाळी प्रथमच ते आम्हांस अभिप्रायपत्र म्हणून दिसले. जोतीरावांनी सभागृहाविषयी काही म्हटलेले नाही. निमंत्रण उशिरा मिळाले, जागा गैरसोयीची आहे, असेही नाही. सभा कोणाची आहे, कोणासाठी आहे, तिच्यातून निघालेल्या पुस्तकांत कोणाचे जगणे येणार नाही, एवढेच त्यांनी सांगितले. आमच्या बारा प्रश्नांच्या पत्रावर हे कोठे लिहिता आले असते? निवासव्यवस्थेपुढे ‘लागू नाही’, भोजनापुढे ‘लागू नाही’, आणि तळाच्या दीड ओळीत उरलेले सगळे. शिवाय ते आलेच नसल्यामुळे पत्र त्यांच्या हाती पडलेच नसते. जो येत नाही त्याला आपण विचारत नाही, आणि अधिवेशनाविषयी सांगण्यासारखे बहुधा त्याच्याचपाशी असते.

मराठीत यापुढचे अभिप्राय तर सभांच्याच रूपाने आले. १९५८ साली मुंबईत दादरला पहिले दलित साहित्य संमेलन बंधुमाधवांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९९९ साली मुंबईत अखिल भारतीय संमेलन भरले त्याच वर्षी धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते बाबुराव बागूल. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, तेव्हा निमंत्रित असलेल्या अनेक लेखकांनी न जाण्याचा मार्ग पत्करला. रिकाम्या खुर्च्या मोजण्याची पद्धत आपल्याकडे नाही, भरलेल्या मोजतात.

आमच्या भागापुरते बोलायचे तर १५ ते १८ जानेवारी २०१६ या चार दिवसांत पिंपरीला एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. श्रीपाल सबनीस अध्यक्ष होते. चऱ्होलीहून आम्ही दोन वेळा गेलो, पुस्तके घेतली, माणसे भेटली, आनंद झाला. संमेलन यशस्वी झाले असे सर्वत्र म्हटले गेले, आणि त्या यशाचे पुरावे म्हणून जे सांगितले गेले ते गर्दी, मांडव, जेवण आणि ग्रंथविक्री. यांतले शेवटचे तरी साहित्याच्या कुळातले आहे. परंतु तेथील कोणत्या परिसंवादात कोणी कोणाचे मत खोडले, हे विचारले तर आम्हांलाही आठवत नाही, आणि आम्ही पहिल्या काही रांगांत होतो.

याउलट सप्त्यातले कीर्तन पाहावे. आळंदी शेजारी असल्याने आमच्या भागात कीर्तनकारांची वाण नाही आणि श्रोत्यांना भीडही नाही. रात्री कीर्तन झाले की सकाळी पारावर त्याची उलटतपासणी होते. अभंग कोणता घेतला, पहिले चरण सोडवायला किती वेळ लावला, दृष्टांत मागच्या वर्षीचाच होता की काय, प्रमाण देताना ओवी कोठे चुकली. चुकलेली ओवी सांगणारे म्हातारे शाळेत फार गेलेले नसतात, पण ज्ञानेश्वरी पाठ असते. कोणाला पुन्हा बोलवायचे हे तेथेच ठरते आणि ज्याला बोलवायचे नाही त्यालाही ते कळते. या पद्धतीचे आम्हांस फार कौतुक होते. ते एकदा घरी बोलून दाखवले. ‘पारावर बायका असतात का?’ एवढेच उत्तर मिळाले. कीर्तनाला निम्म्याहून अधिक त्याच बसलेल्या असतात. तेव्हा पारालाही आपली दीड ओळ आहेच.

आता त्या गठ्ठ्यातल्या एका पत्राविषयी. त्यावर एकही खूण नव्हती. मागच्या कोऱ्या बाजूस बारीक अक्षरांत अकरा ओळी होत्या. लिहिणाऱ्या बाई विदर्भाच्या टोकाच्या एका जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांनी रात्रभर प्रवास केला होता. नोंदणीशुल्क किती तासिकांच्या मानधनाइतके होते, हेही लिहिले होते, पण तक्रार म्हणून नव्हे, नुसते लिहिले होते. जात्यावरच्या ओव्यांत पिठाच्या गिरणीविषयी बायका काय म्हणतात, हा त्यांचा विषय. त्यांचे समांतर सत्र उशिरा सुरू झाले. सत्राध्यक्षांनी तीन मिनिटे दिली आणि फक्त निष्कर्ष वाचा असे सुचवले. त्यांनी निष्कर्ष वाचला. तो कशाचा निष्कर्ष आहे हे सभागृहात कोणालाच कळणे शक्य नव्हते. घंटी वाजली, टाळ्या झाल्या, व्यासपीठावर छायाचित्र निघाले. शेवटची विनंती अशी होती की, पुस्तकातला आपला निबंध कोणी वाचला असेल तर त्यात काय चुकले आहे ते कृपया कळवावे.

दोन दिवसांच्या अधिवेशनात उपस्थितांपैकी एका व्यक्तीला आपले काय चुकले हे जाणून घ्यायचे होते, आणि तो प्रश्न अभिप्रायपत्राच्या पाठीमागे लिहावा लागला. आम्ही त्याचे काय केले? गोषवाऱ्यात ‘इतर सूचना’ या शीर्षाखाली एक वाक्य घातले: ‘समांतर सत्रांत वेळेचे नियोजन अधिक काटेकोर असावे.’ कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी हे वाक्यही काढावे असे सुचवले, कारण अहवाल मूल्यांकनाच्या फायलीत जायचा होता. आम्ही काढले. वाद घातला नाही. सबब अशी दिली की सरासरीत एका पत्राने फरक पडत नाही. साहित्याच्या शिक्षकाने, ज्याचा सारा व्यवसायच एकेका ओळीवर चालतो, सरासरीचा आधार घ्यावा यापरते काय सांगावे.

पुस्तक पिशवीतच पडून होते. तो निबंध आम्ही चार महिन्यांनी वाचला. निबंध चांगला आहे. गिरणीला शिव्या देणाऱ्या ओव्या आधीच्या आणि तिचे कौतुक करणाऱ्या नंतरच्या, असा जो कालक्रम त्यांनी लावला होता, त्याला आधार दिसेना. एकच बाई दोन्ही म्हणू शकेल, असे आम्हांस वाटले. संकलनाच्या नोंदींत ओवी सांगणारीचे वय दिलेले नव्हते, हाही एक आक्षेप. दोन पानांचे पत्र लिहिले. उत्तर चार पानांचे आले. वयाचा आक्षेप त्यांनी मान्य केला आणि यादी पाठवली. कालक्रमाच्या बाबतीत मात्र त्या पुन्हा गावात जाऊन विचारून आल्या होत्या: एका आजींनी दोन्ही ओव्या म्हटल्या खऱ्या, परंतु त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शिवीची ओवी त्यांच्या सासूची, कौतुकाची त्यांची स्वतःची. म्हणजे ओवी कोणाची, हे म्हणणाऱ्या बाईला ठाऊक असते आणि आम्ही ते विचारतच नाही. आमचा आक्षेप अर्धा टिकला, अर्धा पडला. गेल्या कित्येक अधिवेशनांत आम्ही एवढे शिकलो नव्हतो.

यंदाच्या अधिवेशनाची तयारी सुरू झाली आहे. जुनेच अभिप्रायपत्र तारीख बदलून छापावे, असा निरोप आला. आम्ही दुसरा मसुदा पाठवला. त्यावर नाव लिहिण्याची सक्ती नाही. भोजन-निवासासाठी एकच प्रश्न ठेवला आहे. तोही हवा, कारण खोलीला कडी नसेल तर बाहेरगावाहून एकट्या आलेल्या बाईसाठी ती क्षुल्लक गोष्ट नव्हे. बाकीचे प्रश्न असे: कोणत्या निबंधातील कोणते विधान आपल्याला पटले नाही आणि का? ते बोलून दाखवता आले का? आपल्या निबंधावर कोणी प्रश्न विचारला का, कोणता? कोणता निबंध पूर्ण ऐकायला आवडला असता? आपल्या ओळखीचे कोण आले नाही आणि त्यांनी काय कारण सांगितले? पूर्वी येत असलेल्या आणि गेली दोन वर्षे न आलेल्या सभासदांना हेच पत्र टपालाने पाठवावे, आणि निबंधांवरील आक्षेप लेखकांपर्यंत पोहोचवून त्यांच्या उत्तरांसह सहा महिन्यांनी छापावेत, असेही सुचवले आहे. छापण्याचा खर्च पिशव्यांच्या खर्चातून निघेल.

परवा सचिवांचा दूरध्वनी आला. प्रश्न त्यांना बरे वाटले; कार्यकारिणीपुढे ठेवतो म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘पण सर, हे भरायला वेळ लागणार. प्रमाणपत्र कधी द्यायचे मग?’

पहिल्या दिवशी नोंदणीच्या वेळीच देऊन टाका, असे आम्ही सांगितले. त्यावर विचार करून कळवतो म्हणाले आहेत.